वाड्याचे मागचे दार

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात भाविकांना घडते. मागील दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडला. त्यापूर्वी, पावसाळा सरत आला असताना, गोरेगाव व आसपासच्या खेड्यांत विखुरलेल्या आम्हां काही कॅथलिक कुटुंबांची बैठक भरली. हिंगोली जिल्ह्याच्या या कोपऱ्यातून गोव्याला जाणे म्हणजे वर्षाची शिल्लक मोडणे. साहजिकच यात्रेबरोबर थोडे देशदर्शनही घडावे, असे सर्वांनाच वाटत होते.

आराखडा तरुण मंडळींनी तयार केला होता आणि तो मोठा नेटका होता. पहिल्या दिवशी पणजीहून होडीने मांडवीतून जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत जावे, अवशेषांचे दर्शन घ्यावे, मिस्साबलिदानात सहभागी व्हावे. दुसऱ्या दिवशी साष्टीतील एक जुना, भव्य वाडा पाहावा. चांदर, लोटली, केपे या भागांत अशी काही घरे आज पाहुण्यांना खुली आहेत. नाचाचे दालन, बिलोरी झुंबरे, मकाववरून आलेली चिनी मातीची भांडी, कोरीव शिसवी खुर्च्या, काचेऐवजी शिंपले बसविलेल्या खिडक्या आणि घरातच खाजगी प्रार्थनालय, असे वर्णन ऐकून मंडळी हरखून गेली.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, त्यांनी विचारले, "त्या वाड्यात आपण कोणत्या दारानं जायचं? पुढल्या, का मागल्या?"

दोघे-तिघे हसले. लगेचच हसू ओसरले. आबांचे वडील शेजारच्या खेड्यात गढीवर सालगडी होते. पाडव्याला साल बांधायचे, उचल घ्यायची, पुढच्या पाडव्यापर्यंत राबून ती फेडायची आणि न फिटलेल्या उचलीपोटी पुन्हा साल बांधायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. आबा लहानपणी त्यांची भाकर घेऊन गढीवर जात. पांढऱ्या मातीच्या त्या उंच भिंतींना पुढे नक्षीदार दरवाजा होता. आबांना मात्र वळसा घालून मागे जावे लागे. पाणी वरून ओंजळीत पडे. त्या गढीचा दिवाणखाना कसा होता, हे आबांना आजही ठाऊक नाही.

आबांचा प्रश्न हा केवळ एका वृद्धाचा सल नव्हे. दुसऱ्यांच्या दास्यावर उभे राहिलेले सौंदर्य आपण कोणत्या मनाने पाहावे, हा तो प्रश्न आहे. ख्रिस्ती माणसाला तो टाळता येणार नाही. कारण ज्या ठिकाणांना आपण पवित्र मानतो, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत तो येऊन पोहोचतो.

आमच्या होडीच्या मुक्कामाचाच विचार करावा. मांडवीच्या धक्क्यावर उतरले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, तो गोव्याचा व्हाइसरॉय असताना, आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ ती उभारली. तिच्यातून चर्चेसच्या दिशेने जाणारा रस्ता म्हणजे एके काळची रुआ दिरैता, शहराची मुख्य पेठ. यान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला. तो आर्चबिशप विसेंते दा फोन्सेका यांच्या पदरी चिटणीस होता. मायदेशी परतल्यावर त्याने आपला प्रवासवृत्तांत १५९६ साली प्रसिद्ध केला. त्यात या पेठेत रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन आहे. घोडे, मसाले, गालिचे यांच्याबरोबर तेथे माणसे विकली जात. रविवारी आणि सणांच्या दिवशी मात्र हा लिलाव बंद असे.

या शेवटच्या तपशिलापाशी आपण क्षणभर थांबावे. लिलाव बंद असे, कारण विकणारे आणि विकत घेणारे मिस्सेला जात. देवाचा दिवस पाळण्याबाबत त्यांच्या मनात हयगय नव्हती. देवाची प्रतिमा पाळण्याबाबत मात्र होती. सोमवारी उजाडताच ती प्रतिमा पुन्हा बाजारात उभी राही.

पुढे १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल यानेही हा बाजार पाहिला. विक्रीस उभ्या केलेल्या मुलींचे गुण विकणारे कसे वाखाणत, हे त्याने सांगितले आहे. ही सुरेख भरतकाम करते, ही वाद्य वाजविते, ही मुरंबे आणि मिठाई उत्तम करते! त्या काळच्या श्रीमंत घरांतील भरतकाम, संगीत आणि मेजवानी यांचे आपण आज जे कौतुक करतो, त्यातील किती हात विकत घेतलेले होते, याचा अंदाज यावरून करता येईल. आफ्रिकेच्या मोझांबिक किनाऱ्यावरून, बंगालमधून, दूर पूर्वेकडून ही माणसे आणली जात. पोर्तुगालने आपल्या साम्राज्यातील गुलामांच्या व्यापारावर १८३६ साली बंदी घातली आणि गुलामगिरीची प्रथाच रद्द झाल्याची घोषणा १८६९ साली केली. म्हणजे सुमारे साडेतीन शतके हे चालले.

आज उभा असलेला अमुक एक वाडा गुलामांच्या श्रमांवर चालला, असा आरोप पुराव्यावाचून कोणी करू नये. आज दिसणाऱ्या घरांपैकी कित्येकांची दालने बऱ्याच नंतरच्या काळातील आहेत. तेव्हा भाटकार आणि मुंडकार अशी व्यवस्था होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा माणूस. तो गुलाम नव्हता. परंतु पायाखालची जमीन दुसऱ्याची असल्याने त्याची मान नेहमी खाली असे. मुंडकाराला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला. दुसरीकडे, चांदरच्या ज्या प्रसिद्ध घराचे नाव सर्व पर्यटकांच्या ओठी असते, त्याच घराण्याने लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांच्यासारखा पत्रकार गोव्याला दिला, ज्याने पोर्तुगीज सत्तेला निर्भयपणे जाब विचारला. घरे माणसांसारखीच असतात. त्यांच्यात पुण्य आणि पाप एकाच छपराखाली नांदते. म्हणूनच प्रश्न अवघड होतो.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही आमच्या बैठकीत दिली गेली.

पहिले उत्तर असे की, अशा घरात पाऊलच टाकू नये. अन्यायावर उभ्या असलेल्या वैभवाला आपले प्रवेशमूल्य कशाला द्यावे? या उत्तरामागचा संताप मला आदरणीय वाटतो. पण तो शेवटपर्यंत न्यायचा तर वाड्यापाशी थांबता येत नाही. मग जुन्या गोव्यातील चर्चेसच्या भिंती कोणी उभारल्या, असे विचारावे लागेल. वसईच्या किल्ल्यातील फिदाल्गोंच्या घरांचे दगड कोणी वाहिले, असेही विचारावे लागेल. निष्कलंक वास्तूंमध्येच वावरायचे ठरविले तर माणसाला या पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. शिवाय आपण गेलो नाही, तर त्या घराची कहाणी सांगण्याचे काम केवळ झुंबरांकडे राहते.

दुसरे उत्तर असे की, झाले ते झाले. जुने उकरून काय मिळणार? आपण कला पाहावी, आनंद घ्यावा आणि परत यावे. हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात, ती थकलेली असतात. वर्षभर राबून चार दिवस मिळाले, त्यात तरी मनाला टोचणी नको, एवढेच त्यांना म्हणायचे असते. पण या उत्तराला शुभवर्तमानाने दिलेले प्रत्युत्तर कठोर आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. त्या श्रीमंताने लाजराला मारले किंवा हाकलले, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही. तो फक्त रोज दारातून जा-ये करीत राहिला. त्याचा अपराध एवढाच की, त्याच्या वैभवाच्या चित्रात लाजर कधी आलाच नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दाखल्यात भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. आपल्या सर्व जुन्या वाड्यांत नेमके याच्या उलट असते. भिंतीवरील तसबिरींखाली मालकांची नावे असतात. विहिरीवरून पाणी आणणारीचे नाव कोठेच नसते.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही उभा आहे. तेथील अनुभव आपल्याला काही शिकवितो, म्हणून त्याचा येथे विचार करू. अमेरिकेतील मिसिसिपी नदीतून पर्यटकांच्या मोठ्या बोटी जातात आणि लुइझियाना राज्यात काठावरच्या जुन्या मळ्यांपाशी थांबतात. शुभ्र खांबांची टोलेजंग घरे, समोर जुन्या ओक वृक्षांची रांग आणि मागे उसाची शेते. ही शेते गुलामांनी पिकविली. तेथे येणाऱ्या पाहुण्यांना दीर्घकाळ केवळ मालकिणींचे झगे आणि जेवणाची मेजे दाखविली जात. तेथेही पुष्कळ पर्यटक आपल्यासारखाच विचार करतात: उतरावे की बोटीतच बसून राहावे?

त्या मळ्यांशी आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध अगदी जवळचा आहे. १८३८ साली मेरीलँड येथील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. आलेल्या पैशातील काही भाग जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी खर्च झाला. विकली गेलेली माणसे बाप्तिस्मा झालेले कॅथलिक होते. ज्या हातांतून त्यांना पवित्र ख्रिस्तशरीर मिळाले होते, त्याच हातांनी त्यांचा सौदा केला. कुटुंबे तोडू नयेत आणि त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, अशा अटी रोमहून संघाच्या प्रमुखांनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. परंतु त्या व्यवहाराच्या कागदांत विकलेल्या माणसांची नावे लिहिलेली होती. त्या नावांच्या आधारे पावणेदोनशे वर्षांनी त्यांचे वंशज शोधले गेले आणि २०१७ साली येशूसंघाने व विद्यापीठाने त्यांच्यासमोर क्षमा मागितली. जमाखर्चासाठी लिहिलेली नावे अखेर न्यायासाठी उपयोगी पडली.

त्याच नदीकाठी व्हिटनी नावाचा एक मळा आहे. २०१४ साली तो खुला झाला तेव्हा तेथील कहाणी मालकांऐवजी गुलामांच्या बाजूने सांगायचे ठरले. तेथे दगडांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. याउलट नॉटोवे नावाचा दुसरा प्रचंड वाडा मे २०२५ मध्ये आगीत भस्मसात झाला. तेव्हा कोणी हळहळले, तर कोणी उघड आनंद व्यक्त केला. तो आनंद मला समजू शकतो. गढी कोसळली तेव्हा आपल्याला काय वाटले, असे मी आबांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "बरं वाटलं. मग वाईट वाटलं. तिची एक भिंत माझ्या आज्यानं रचलेली होती."

आबांच्या या वाक्यात मला आमच्या प्रश्नाची दिशा सापडली. आपण म्हणतो, हा अमक्या सरदाराचा वाडा, हे अमक्या घराण्याचे घर. पण दगड घडविले कोणी? चुना मळला कोणी? शिसवी लाकडात ती फुले कोणाच्या बोटांनी उमलली? मालकाने पैसा दिला असेल, कदाचित तोही दुसऱ्याच्या घामाचा असेल. वास्तूतील जे सौंदर्य आपल्याला मोहवते, ते बहुतांशी अनाम हातांचे आहे. त्या सौंदर्याकडे पाठ फिरविणे म्हणजे त्या हातांकडेही पाठ फिरविणे होय. वाडा जळतो तेव्हा राबणाऱ्यांची एकमेव स्वाक्षरीही जळते.

म्हणून मला वाटते की, अशा घरात अवश्य जावे. पण मालकाचा पाहुणा म्हणून जाऊ नये. राबणाऱ्यांचा वारस म्हणून जावे. पाहुणा जे दाखविले जाते ते पाहतो. वारस विचारपूस करतो. स्वयंपाकघर कोठे होते? नोकरमाणसे झोपत कोठे? पाणी किती लांबून येई? घरातील प्रार्थनालयात मिस्सा होई तेव्हा ती कोठे उभी राहत? त्यांना कोठे पुरले? हे प्रश्न यजमानाचा अपमान करण्यासाठी विचारायचे नाहीत. आजच्या मालकाने पूर्वजांचे पाप केलेले नाही. पण त्याला वारशात घर मिळाले असेल, तर त्या घराची संपूर्ण कहाणीही वारशातच मिळालेली आहे.

आणि आपणही अशाच एका घराचे वारस आहोत, हे विसरून चालणार नाही. ते घर म्हणजे आपली ख्रिस्तसभा. गुलामगिरीबाबत तिची वाटचाल सरळ नव्हती. पोप चौथे यूजीन यांनी १४३५ साली कॅनरी बेटांवरील लोकांना गुलाम करणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले. पुढे सतराच वर्षांनी, १४५२ साली, पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली जाहीर केले की, नव्याने सापडलेल्या देशांतील माणसे ख्रिस्ती नसली तरी त्यांचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. तरीही तीस वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेत, माणूस कोणकोणत्या कारणांनी न्याय्यपणे गुलाम होऊ शकतो, याची चर्चा झाली. सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली आणि तेरावे लिओ यांनी १८८८ साली गुलामगिरीचा निषेध केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तिची गणना मानवतेला कलंकित करणाऱ्या कृत्यांत केली. पोप दुसरे जॉन पॉल २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगलमधील गोरे बेटावर गेले. त्या बेटावरून आफ्रिकेतील माणसे जहाजांत कोंबून नेली जात. तेथे त्यांनी देवाची क्षमा याचिली. पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांपासून व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्वतःला स्पष्टपणे वेगळे केले.

हा इतिहास वाचून कोणाची श्रद्धा डळमळत असेल, तर त्याने गोव्याच्या सीमेपलीकडे दृष्टी टाकावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ आणि यल्लापूरच्या रानांत सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातील मालकांच्या तावडीतून सुटून रानात शिरलेले आफ्रिकी गुलाम होते, असे मानले जाते. या समाजात हिंदू आणि मुसलमान आहेत, तसे कॅथलिकही आहेत. ज्यांनी विकत घेतले त्यांचाच क्रूस या माणसांनी रानात जवळ का ठेवला? मला एकच उत्तर सुचते. क्रूसावरचा मृत्यू हा रोमन काळात गुलामांचा मृत्यू होता. प्रभूने दासाचे रूप घेतले, दासाचे काम पत्करून शिष्यांचे पाय धुतले आणि दासाचेच मरण स्वीकारले. मालकांनी तो क्रूस भिंतीवर टांगला. दासांनी तो ओळखला. संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पळून गेलेल्या ओनेसिम या दासाला बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. मालकाच्या नावाबरोबर दासाचेही नाव त्यामुळे पवित्र शास्त्रात कायमचे राहिले.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू या. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगारीला बंदी केली आहे आणि वेठबिगारीविरुद्धचा स्वतंत्र कायदाही १९७६ साली झाला. परंतु मागचे दार कायद्याने बुजत नाही. आमच्यापैकी जे शिकले, नोकरीला लागले, ज्यांनी स्लॅबची घरे बांधली, त्यांच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा कप वेगळा नाही ना? आपल्या शेतावरच्या गड्याच्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे ना? गढीचा माज आपण शिव्या देत सोसला. आपल्या छोट्या घरात आपण त्याचीच छोटी आवृत्ती तर वसविली नाही ना? हा प्रश्न मी सर्वप्रथम स्वतःला विचारला आणि उत्तर देताना माझी मान वर राहिली नाही.

बैठकीत अखेर आराखडा बदलला नाही, फक्त त्यात दोन ओळींची भर पडली. एक, धक्क्यावर उतरल्यावर कमानीतून आत जाताना त्या रस्त्यावर विकल्या गेलेल्यांसाठी मृतांची प्रार्थना म्हणावी. दोन, वाड्यात प्रथम स्वयंपाकघर पाहण्याची विनंती करावी.

डिसेंबरात आम्ही गेलो. कमानीपाशी यात्रेकरूंची अशी गर्दी होती की, आमची प्रार्थना चालता चालताच म्हणावी लागली. अनेकांना ती ऐकूही गेली नाही. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या पायऱ्यांशी आबा थांबले. त्यांनी चपला काढल्या. इथे काढायची गरज नाही, असे घरातील बाईंनी अगत्याने सांगितले. आबांनी त्या पुन्हा पायांत घातल्या आणि पुढच्या दाराने ते आत गेले. झुंबरे पाहिली, तसबिरी पाहिल्या, एका खुर्चीच्या कोरीव पाठीवरून बराच वेळ हात फिरविला. मग त्यांनी बाईंना विचारले, "ताई, एवढ्या मोठ्या घराला पाणी कोण आणत होतं?"

बाई थोड्या थबकल्या. मग म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. या, मागे विहीर आहे, दाखवते." आम्ही सारे त्यांच्यामागून मागच्या दाराने बाहेर पडलो. विहिरीच्या काठावरील दगडाला दोराने पडलेले खोल चरे होते. आबांनी त्यांतल्या एका चऱ्यात बोट ठेवले आणि क्रुसाची खूण केली.